इटालियन न कळणाऱ्या गावाला डोमेनिको मोदुन्यो कसा ऐकवावा

परदेशी गायकावर कार्यक्रम ठेवते म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, आपल्याला त्यातलं काय समजणार?" मी अमळनेर तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयाची ग्रंथपाल. हिवाळ्यात आम्ही श्रवणसंध्या भरवतो. सतरंज्या अंथरतो, स्पीकर लावतो, एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. इटलीचा गायक, गीतकार आणि नट डोमेनिको मोदुन्यो याची संध्याकाळ आमच्याकडे जशी रंगली तशी पूर्वी कुठल्याच परदेशी कलावंताची रंगली नव्हती. पारोळा, चोपडा, धरणगाव या बाजूंच्या वाचनालयांतून विचारणा झाली, "तुम्ही कसं केलं?" म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आधी नाव नीट म्हणायला शिका. मोदुन्यो. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव वाचून पुष्कळ जण मधला 'ग' उच्चारतात, तो उच्चारायचा नाही. फलकावर देवनागरीतच लिहा.

हाच माणूस का निवडला, तेही सांगते. इटलीत 'कांताउतोरे' म्हणतात तसा, स्वतः लिहून, चाल बांधून, स्वतःच गाणारा कलावंत तिथे लोकमान्य झाला त्यात मोदुन्योचा वाटा फार मोठा आहे. पण एवढ्यासाठी खान्देशातलं खेडं दोन तास बसून राहत नाही. आमची माणसं बसली, कारण या माणसाने सुरुवात केली ती बोलीभाषेत, घरच्या शब्दांत. अहिराणी बोलणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शाळेत पाय ठेवला की जी बोली दाराबाहेर ठेवावी लागते, त्या बोलीत गाणं म्हणून कुणी देशाच्या रेडिओवर जातो, एवढं सांगितलं की मागच्या रांगेतली कुजबुज थांबते.

तारीख, वेळ आणि सामान

मोदुन्योचा जन्म ९ जानेवारी १९२८चा. संक्रांतीच्या आधीचे ते दिवस आपल्याकडे कार्यक्रमाला उत्तम. शेवटची कापूस वेचणी चालू असते, दादर ज्वारी हुरड्यावर येत असते, संध्याकाळी हवा गार असते आणि लग्नसराईचे डीजे अजून सुरू झालेले नसतात. आठवडे बाजाराचा दिवस मात्र टाळा. वेळ रात्री आठची ठेवा, म्हणजे दूध काढून, जेवून बायकाही येऊ शकतात. एप्रिल-मेमध्ये हा कार्यक्रम करूच नका. त्या उकाड्यात पंखे लावावेच लागतात आणि पंख्याच्या घरघरीत या माणसाचा हळू आवाज हरवतो. त्याची निम्मी करामत हळू आवाजातच आहे.

गाणी आणि चित्रफिती आदल्या दिवशीच फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. ऐन वेळी नेटवर्कवर भरवसा नको. थ्री फेज विजेचं वेळापत्रक विचारून ठेवा, इन्व्हर्टर चार्ज करा. स्पीकर एकच असला तरी चालेल, पण तो जमिनीवर न ठेवता टेबलावर, बसलेल्यांच्या कानाच्या उंचीला ठेवा. लग्नाचा मोठा साउंड आणू नका, त्यात बास इतका असतो की गिटार ऐकूच येत नाही. खाण्याला शेव-मुरमुरे पुरेत. आमच्याकडे लोकांनी हौसेने भरीत आणलं, पण ते कार्यक्रम झाल्यावर बाहेर काढा. वांगी भाजलेली असोत नाहीतर नुसती फोडणी, वास सुटला की पोरं उठतात.

बोलणारा निवडताना चांगला वक्ता शोधू नका. गोष्ट सांगणारा शोधा, आणि तो अहिराणीत सांगणारा असेल तर सोनंच. वहीगायनाच्या फडात कधी उभा राहिलेला किंवा कानबाईच्या रोटांच्या वेळी गाणी सांगणारी एखादी आक्का तुमच्या गावात असेलच. जीवनचरित्राचा भाग शिक्षकाने किंवा ग्रंथपालाने मराठीत सांगावा, गाण्यांतल्या गोष्टी मात्र बोलीत सांगितल्या जाव्यात. ही विभागणी आमच्या कार्यक्रमाचा कणा होती.

'वोलारे'ने सुरुवात करू नका

मोदुन्योचं जगभर गाजलेलं गाणं 'नेल ब्लू दिपिन्तो दि ब्लू', म्हणजेच लोकांच्या तोंडचं 'वोलारे'. त्याची चाल आपल्याकडेही पुष्कळांनी ऐकलेली असते. जिप्सी किंग्ज या फ्रान्समधल्या गटाने ते १९८९च्या सुमारास पुन्हा गाजवलं, तेव्हापासून जाहिरातींत, हॉटेलांत, रीलमध्ये ते वाजत असतं. आयोजकाला मोह होतो की ओळखीचं आधी लावावं. तो मोह आवरा. ते आधी वाजलं की लोक टाळ्या वाजवून मोकळे होतात आणि हा गाणारा त्यांच्यासाठी एका गाण्याचा माणूस होऊन बसतो. त्याआधीची वाट चालून मग 'वोलारे'शी पोचलात तर त्या गाण्यातली उडी किती मोठी होती ते कळतं.

म्हणून पहिल्यांदा फळ्यावर इटलीचा नकाशा काढा. देश बुटाच्या आकाराचा आहे, हे शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बुटाची टाच दाखवा. तो पुल्या प्रांत. टाचेच्या थोडं वर, बारी शहराजवळ, एड्रियाटिक समुद्राच्या कड्यावर पोलिन्यानो आ मारे हे गाव आहे. चुनखडीच्या उभ्या कड्यावर घरं आणि खाली थेट पाणी. गावाचा फोटो मोठा छापून आणा. आमच्याकडे समुद्र न पाहिलेली माणसं बरीच आहेत. कपिलेश्वरला तापी-पांझरेचा संगम पाहिलाय, पाणी म्हणजे तेवढंच. त्या फोटोवर लोक बराच वेळ थांबले.

मग दुसरा ठिपका काढा, टाचेत आणखी खाली, ब्रिंदिसी शहराजवळ. ते सान पिएत्रो वेर्नोतिको. वडील नगरपालिकेच्या पोलीस दलात होते, त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब इथे आलं तेव्हा डोमेनिको लहान होता. घरात त्याला मिम्मो म्हणत. गिटार त्याला वडिलांनी शिकवली. आणि बोली मिळाली ती या दुसऱ्या गावाची. पोलिन्यानोची बोली वेगळी, सान पिएत्रोची वेगळी. रावेर-यावलकडची लेवा गणबोली आणि आपली अहिराणी एकाच जिल्ह्यात असून वेगळ्या आहेत, हे ठाऊक असलेल्या श्रोत्यांना एवढं सांगितलं तरी पुरतं. सान पिएत्रोची बोली सिसिली बेटावरच्या बोलीच्या जवळची आहे. ही गोष्ट लोकांना लक्षात ठेवायला सांगा, शेवटी लागणार आहे.

तरुणपणी तो घर सोडून उत्तरेला तोरिनो शहरात गेला. टायर दुरुस्तीच्या दुकानात काम केलं. तोरिनोही लक्षात ठेवायला सांगा. पुढे रोममध्ये त्याला सरकारी चित्रपट शिक्षणसंस्थेत, चेन्त्रो स्पेरिमेन्तालेमध्ये, अभिनयाच्या वर्गात प्रवेश मिळाला. माझ्या मते मोदुन्यो समजून घ्यायची किल्ली इथे आहे. तो आधी नट म्हणून शिकला. त्याचं प्रत्येक गाणं म्हणजे कुणीतरी पात्र आहे, ते पात्र कुठे उभं आहे, कोणाशी बोलतंय, हे ठरलेलं असतं. १९५२च्या 'कारिका एरोइका' या युद्धपटात त्याने एका सिसिलियन सैनिकाचं छोटं काम केलं आणि त्यात एक अंगाई म्हटली. पुढे रेडिओवर कार्यक्रम मिळाले. तेव्हाच्या श्रोत्यांना तो सिसिलीचाच वाटला. सिसिलीचं नाव सगळ्यांना माहीत, सालेन्तोच्या, म्हणजे बुटाच्या टाचेतल्या त्या कोपऱ्याचं कोणाला? त्यानेही तो समज खोडून काढला नाही.

पहिलं गाणं : तलवारमासा

आता पहिलं गाणं लावा, 'लू पिशी स्पादा', १९५४च्या सुमाराचं. लावण्याआधी गोष्ट सांगितलीच पाहिजे.

सिसिली आणि मुख्य भूमीच्या मधल्या मेस्सिनाच्या सामुद्रधुनीत तलवारमाशाची शिकार भाल्याने करायची जुनी पद्धत आहे. उंच डोलकाठीवर एक जण चढून पाण्यावर नजर ठेवतो, मासा दिसला की ओरडतो आणि खालचे कोळी होडी वळवतात. माशांची जोडी दिसते. भाला मादीला लागतो. नर पळून जाऊ शकतो. ती त्याला पळायला सांगते. तो जात नाही, तिच्याबरोबर मरण पत्करतो. इतकीच गोष्ट.

आमच्या आक्काने ती अहिराणीत सांगितली. मादीच्या तोंडी तिने घातलं, "तू पळी जाय, नही ते तुले बी मारतीन." आणि नराच्या तोंडी, "तू नही ते मी बी नही." मग गाणं लावलं. एकदा संपलं की काही न बोलता पुन्हा लावा. पहिल्यांदा लोक गोष्ट शोधत असतात, दुसऱ्यांदा ऐकायला लागतात. ऐकताना काय टिपायचं ते मधल्या क्षणात सांगून ठेवा. कोळ्यांच्या आरोळ्या वेगळ्या आवाजात आहेत, माशांचं बोलणं वेगळ्या आवाजात, आणि गोष्ट सांगणारा तिसरा. एकच माणूस तिघं होतो. पोरांना विचारा, कोणता आवाज कोणाचा? आमच्याकडे पाचवीतल्या मुलीने बरोबर ओळखलं. भाषा येत नसताना ओळखलं, म्हणजे गाणाऱ्याने आपलं काम चोख केलं आहे.

तलवारमाशाचं चित्र आधी दाखवा. तापीतल्या माशांवरून त्याची कल्पना येत नाही, माणसाहून लांब असा तो प्राणी आणि पुढे ती सोंड.

दुसरं गाणं लावताना जपा

'वेक्यो फ्राक' १९५५चं. मध्यरात्र, रिकामा रस्ता, जुना कोट आणि उंच टोपी घातलेला एक माणूस एकटाच चालत जातो. पहाटे नदीच्या पाण्यावरून तो कोट वाहत जातो. साथ अगदी मोजकी आहे, गिटारभोवतीच सगळं फिरतं, आणि गाणारा जवळजवळ बोलतो. या गाण्यामागे रायमोन्दो लांझा दि त्राबिया या सिसिलियन राजपुत्राचा १९५४मधला मृत्यू आहे, असं इटलीत सांगितलं जातं. रोममधल्या हॉटेलच्या खिडकीतून पडून तो गेला.

हे गाणं फार सुंदर आहे आणि कार्यक्रमातून ते गाळू नका. पण आपण कापसाच्या पट्ट्यात राहतो. सतरंजीवर बसलेल्यांपैकी कोणाच्या घरातलं माणूस कसं गेलं, हे तुम्हाला माहीत असेल किंवा नसेलही. म्हणून हे गाणं शेवटी ठेवायचं नाही, त्यावर 'वा' म्हणून पुढे धावायचंही नाही, आणि त्याच्या लगेच पाठोपाठ 'मेराविल्योझो' लावायचं. हे १९६८चं, शब्द रिकार्दो पात्साल्याचे. पुलावर उभा राहून खाली पाण्याकडे पाहणारा माणूस, मागून कुणीतरी येऊन त्याला थांबवतो आणि आजूबाजूला काय काय आहे ते दाखवतो : समुद्र, ऊन, प्रेम करणारी माणसं. सान रेमो महोत्सवाच्या निवडीत हे गाणं नाकारलं गेलं होतं. आज ते त्याच्या सगळ्यांत लाडक्या गाण्यांतलं एक आहे, आणि नेग्रामारो या पुल्यातल्याच गटाने २००८मध्ये ते पुन्हा गायल्यावर नव्या पिढीलाही पाठ झालं.

दोन्ही गाण्यांमध्ये तेरा वर्षांचं अंतर आहे. कालक्रम मोडतो म्हणून आमच्याकडच्या एका निवृत्त मास्तरांनी हरकत घेतली होती. मी तरीही हाच क्रम ठेवला आणि तुम्हालाही हाच ठेवा म्हणते. माणसं तारखा लावून ऐकत नाहीत. 'मेराविल्योझो' संपल्यावर दिवे पूर्ण लावा, पाणी फिरवा, पाच मिनिटं बोलू द्या. त्या पाच मिनिटांत एखादा गप्प बसलेला दिसला तर त्याच्याजवळ जाऊन बसा.

१९५८

आता त्या वर्षाकडे या. सान रेमो हा इटलीतला गाण्यांचा महोत्सव, १९५१पासून चालू. त्या काळी एक गाणं दोन वेगवेगळ्या गायकांकडून गाऊन घेत. मोदुन्यो आपलं स्वतःचं गाणं घेऊन आला. शब्द त्याने आणि फ्रांको मिल्याच्चीने मिळून लिहिले होते, चाल त्याची. दुसऱ्यांदा ते जॉनी दोरेल्ली या तरुण गायकाने म्हटलं. हात आणि चेहरा निळा रंगवून घेतलेला माणूस स्वप्नात वाऱ्याबरोबर निळ्या आकाशात उडत जातो, असं ते गाणं. मिल्याच्ची सांगत असे की त्याला हे मार्क शागाल या चित्रकाराच्या चित्रांवरून सुचलं. शागालची दोन-तीन चित्रं छापून भिंतीला लावा. उडणारी माणसं, निळा रंग. चित्रं बघितल्यावर शब्दांचा अर्थ सांगायला फार वेळ लागत नाही.

इथे चित्रफीत दाखवाच, नुसतं ऐकवू नका. इटलीच्या दूरचित्रवाणीने तो महोत्सव दाखवला होता आणि मोदुन्योचं ते सादरीकरण बघायला मिळतं. ध्रुवपदाला तो दोन्ही हात पूर्ण पसरतो. आज यात काय विशेष, असं पोरांना वाटेल. तेव्हाचे गायक मापात उभे राहून, हात छातीपाशी ठेवून, आईच्या नि विरहाच्या गाण्यांत आवाज लांबवत. त्या मंचावर नट म्हणून शिकलेला माणूस आला आणि त्याने अंगाने गाणं म्हटलं. चित्रफीत आधी आवाज बंद करून दाखवा आणि मग आवाजासकट. फरक बोलण्यात सांगायची गरजच उरत नाही.

गाणं जिंकलं. त्याच वर्षी १२ मार्चला नेदरलँड्समधल्या हिल्वरसमला युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा झाली, तिथे ते तिसरं आलं. प्रक्षेपणात अडचण आल्याने काही देशांत ते नीट पोचलं नव्हतं, म्हणून शेवटी त्याला पुन्हा गायला लावलं. अमेरिकेत बिलबोर्ड या नियतकालिकाची गाजत्या गाण्यांची 'हॉट १००' यादी त्याच ऑगस्टमध्ये सुरू झाली होती. त्या यादीत हे गाणं एकूण पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मे १९५९मध्ये ग्रॅमी पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले आणि वर्षातलं सर्वोत्तम गाणं व सर्वोत्तम ध्वनिमुद्रण हे दोन्ही मान याच गाण्याला मिळाले. इटालियन न कळणाऱ्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं होतं. "आपल्याला काय समजणार" म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

पुढच्या विजयांची यादी वाचत बसू नका. १९५९ला 'प्योवे', १९६२ला 'आद्दिओ, आद्दिओ', १९६६ला 'दिओ, कोमे ती आमो' अशी सान रेमोची आणखी तीन जेतेपदं आहेत, एवढं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं तरी पुरे. त्यातलं एक जरूर सांगा : 'दिओ, कोमे ती आमो' युरोव्हिजनला गेलं तेव्हा त्याला एकही गुण मिळाला नाही. तेच गाणं ऐकवा आणि लोकांनाच ठरवू द्या. वेळ असेल तर १९६४चं 'तू सी ना कोझा ग्रान्दे'ही लावा. हे नेपल्सच्या भाषेत आहे आणि त्या साली नेपल्सचा महोत्सव त्याने जिंकला. नवरा-बायको शेजारी बसली असतील तर हे त्यांच्यासाठी.

नट म्हणून दाखवायचा असेल तर

मोदुन्योने सिनेमे पुष्कळ केले, सगळे बघण्यासारखे आहेत असं नाही. 'वोलारे'च्या लाटेवर १९५९मध्ये त्याच गाण्याच्या नावाचा चित्रपटही निघाला, तो सोडला तरी चालेल. रंगभूमीवर १९६१चं 'रिनाल्दो इन काम्पो' हे संगीत नाटक मोठं. गारिनेई आणि जोव्हान्निनी या जोडीचं, गारिबाल्दीच्या काळातल्या सिसिलीतल्या बंडखोर दरोडेखोराची गोष्ट, संगीत मोदुन्योचं आणि नायकही तोच. आमच्या भागात तमाशाचे वग ऐकून मोठ्या झालेल्या लोकांना श्रीमंताला लुटून गरिबाला देणारा नायक नवा नाही, कथा सांगितली की ते पुढचं आपणच ओळखतात. १९७३मध्ये मिलानला जोर्जो स्त्रेलरने बसवलेल्या, जर्मन नाटककार ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'त त्याने मॅकी हा गुंड उभा केला. स्त्रेलरसारख्या दिग्दर्शकाने त्याला निवडलं, यावरून नट म्हणून त्याचं वजन कळतं.

पण दाखवायची एकच गोष्ट निवडायची झाली तर इटलीचा कवी-दिग्दर्शक पासोलिनी याचा लघुपट दाखवा, 'के कोझा सोनो ले नुवोले', म्हणजे 'ढग म्हणजे काय'. 'काप्रिच्चो आल्लितालियाना' या १९६८च्या, अनेक गोष्टी जोडून केलेल्या चित्रपटातला हा एक भाग आहे. बाहुल्यांच्या खेळात शेक्सपिअरचं ऑथेल्लोचं नाटक चालू आहे. बाहुल्या म्हणजे खरी माणसं, दोऱ्यांना बांधलेली. इयागो झालाय तोतो, इटलीचा मोठा विनोदी नट, हा चित्रपट येण्याआधीच १९६७मध्ये तो वारला. ऑथेल्लो झालाय निनेत्तो दावोली. प्रेक्षकांना नाटकातला अन्याय सहन होत नाही, ते मंचावर चढतात आणि दोन्ही बाहुल्या मोडून टाकतात. मग कचरा उचलणारा येतो, गाणं म्हणत. तो मोदुन्यो. बाहुल्या गाडीत टाकतो, गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन ओततो. उताणे पडलेले दोघं पहिल्यांदाच आकाश बघतात आणि विचारतात, वर हे काय आहे? गाण्याचे शब्द पासोलिनीने शेक्सपिअरच्या नाटकातल्या ओळींवरून रचले, चाल मोदुन्योची.

हा लघुपट दाखवताना मध्येमध्ये थांबवू नका. आधी कथा सांगा, ऑथेल्लोचा संशय, इयागोची चहाडी, आणि मग सलग चालू ठेवा. आमच्याकडे प्रेक्षक मंचावर चढतात त्या जागी एक म्हातारे बाबा जोरात म्हणाले, "बरं करं!" सगळी सभा हसली आणि पुढच्याच मिनिटाला, कचरागाडी आल्यावर, शांत झाली. मोदुन्यो पडद्यावर थोडाच वेळ आहे. कचरा उचलणाऱ्या माणसाच्या तोंडी एवढं नाजूक गाणं असू शकतं, यावर नंतर बराच वेळ चर्चा झाली. गावात ते काम करणारे लोकही त्या रात्री हजर होते, त्यांना पुढच्या सतरंजीवर बसवलं होतं. तुम्हीही आवर्जून बोलवा.

पुढच्या महिन्यात दुसरी संध्याकाळ करायची असेल तर १९७२चा 'लो स्कोपोने शेन्तिफिको' ठेवा. दिग्दर्शक लुईजी कोमेन्चिनी. रोमच्या झोपडपट्टीतलं जोडपं एका गडगंज अमेरिकन म्हातारीशी पत्ते खेळतं आणि हरत राहतं. अल्बेर्तो सोर्दी, सिल्वाना मान्गानो, बेटी डेव्हिस असे दिग्गज त्यात आहेत आणि मोदुन्यो पत्त्यांतला वाकबगार असा मित्र झालाय. पारावर पत्ते खेळणाऱ्यांना हा चित्रपट फार आवडेल.

आवाज गेल्यानंतरची गोष्ट

हा भाग गाळू नका आणि घाईतही सांगू नका. १९८४मध्ये दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमाचं काम चालू असताना मोदुन्योला अर्धांगवायूचा झटका आला. एक बाजू लुळी पडली, बोलणंही बिघडलं. ज्याचं सगळं काम अंग आणि आवाज यांवर उभं होतं त्याचं हे झालं. तो वर्षानुवर्षं उपचार घेत राहिला. १९८७मध्ये रॅडिकल पक्षातर्फे तो खासदार झाला, तोही तोरिनोमधून. टायरच्या दुकानाची आठवण इथे करून द्या. अपंगांच्या हक्कांसाठी तो संसदेत लढला.

सिसिलीतल्या अग्रिजेंतोला एक मनोरुग्णालय होतं. इटलीत १९७८च्या कायद्याने अशी रुग्णालयं बंद करून रुग्णांना समाजात परत आणायचं ठरलं होतं, पण अग्रिजेंतोत माणसं भयंकर अवस्थेत कोंडलेली राहिली. मोदुन्योने ते चव्हाट्यावर आणलं आणि १९८९च्या ऑगस्टमध्ये अग्रिजेंतोलाच, त्या रुग्णांसाठी, आजारपणानंतर पहिल्यांदा मोठ्या जनसमुदायापुढे गायला. हे सांगताना माझा आवाज दर वेळी भरून येतो आणि तो आवरायची गरज मला वाटत नाही.

तुमच्या गावात पक्षाघाताने घरी बसलेलं कुणी असेल तर या कार्यक्रमाला आणायची सोय करा. पायऱ्या असतील तर दोन पोरांना आधीच सांगून ठेवा, खुर्ची दाराजवळ ठेवा. कार्यक्रम मोदुन्योचा आहे आणि पायऱ्यांमुळे कुणी बाहेर राहिलं, असं होता कामा नये.

आता सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. जगाने त्याला सिसिलियन समजलं आणि त्याने समजू दिलं, याचं पोलिन्यानोला फार लागलं होतं. आपल्या पोटचा पोर दुसऱ्याचा म्हणून मिरवतो, अशी ती सल. ऑगस्ट १९९३मध्ये मोदुन्यो पोलिन्यानोत आला, समुद्रकाठी गायला आणि गावाची माफी मागितली. अफाट गर्दी लोटली होती. त्याच वर्षी मुलगा मास्सिमोबरोबर 'देल्फिनी' हे त्याचं शेवटचं गाणं आलं. ६ ऑगस्ट १९९४ला लाम्पेदुझा बेटावरच्या घरी तो हृदयविकाराने गेला. २००९मध्ये पोलिन्यानोने त्याचा पुतळा उभारला, समुद्राकडे पाठ, तोंड गावाकडे, दोन्ही हात पसरलेले. पुतळ्याचा फोटो दाखवा आणि तेव्हा, अगदी तेव्हा, 'वोलारे' पुन्हा लावा. या वेळी सगळे म्हणतील. शब्द येत नसले तरी 'ओ-ओ' येतं, तेवढं म्हणू द्या.

उठण्याआधी

लोक उठायच्या आत अर्धा तास राखून ठेवा. बहिणाबाई चौधरींची गाणी आसोद्याहून सगळ्या महाराष्ट्रात गेली ती त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, लिहून ठेवली म्हणून. तुमच्या सतरंजीवर त्या रात्री बसलेल्या बायकांच्या तोंडी जात्यावरची, कानबाईची, लग्नातल्या हळदीची कितीतरी गाणी आहेत. तलवारमाशाची गोष्ट अहिराणीत ऐकल्यावर त्या म्हणायला लाजत नाहीत, हे मी पाहिलं आहे. "शुद्ध नाही आमचं" असं कुणी म्हणालं तर सान पिएत्रोची आठवण करून द्या.

माइक त्यांच्या हातात देऊ नका, हातात माइक आला की आवाज बदलतो. फोन विमान मोडवर टाका, म्हणजे मध्ये घंटी वाजणार नाही, आणि तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर सतरंजीवरच ठेवा. आधी परवानगी विचारा आणि हे कुठे ठेवलं जाणार तेही सांगा. गाणं अर्धवट आठवलं तरी अर्धवटच घ्या, उरलेलं शेजारची आठवून देते. प्रत्येक गाण्याची वेगळी फाईल करा. गाणारीचं नाव, गाव, गाणं कोणाकडून शिकली आणि ते कोणत्या प्रसंगी म्हणतात, एवढं फाईलच्या नावातच टाका, म्हणजे वही हरवली तरी नंतर शोधता येतं. एक प्रत वाचनालयाच्या संगणकावर ठेवा आणि दुसरी गाणारीच्या घरी तिच्या नातवाच्या फोनवर त्याच रात्री पाठवून द्या.